‘टाटाची गाडी’ म्हणजे नेमकी कोणाची?

‘आमच्याकडे टाटाची गाडी आहे’ हे वाक्य मराठीत कुठेही अडत नाही. गाडी आमची आहे, टाटांनी बनवली आहे, तिच्यावर नाव टाटांचं आहे, हे सगळं ऐकणाऱ्याला न सांगता कळतं. हेच इंग्रजीत लिहायची वेळ आली की आपल्यातले बरेच जण त्या ‘ची’च्या जागी अपॉस्ट्रॉफी आणि एस बसवतात आणि ‘टाटा’ज कार’ असं लिहून मोकळे होतात. वाचणाऱ्याला मात्र वाटतं की गाडी टाटांच्या मालकीची आहे आणि आपण ती फक्त वापरायला आणली आहे.

इंग्रजीची रीत अशी की ब्रँडचं नाव वस्तूच्या नावाआधी नुसतं ठेवायचं, प्रत्यय लावायचा नाही. टाटा कार, बजाज स्कूटर, सोनी टीव्ही. इथे ब्रँड विशेषणाचं काम करतो: कोणती कार, तर टाटा. अपॉस्ट्रॉफी लागली की अर्थ बदलतो. ‘सोनी’ज टीव्ही बिझनेस’ म्हणजे सोनी कंपनीचा स्वतःचा टीव्हीचा धंदा. ‘माय सोनी टीव्ही’ म्हणजे माझ्या घरातला टीव्ही. दोन्हीकडे मराठीत आपण ‘सोनीचा’ असंच म्हणू, आणि गोंधळ होणार नाही, कारण आपला ‘चा-ची-चे’ फार मोठं काम एकट्याने करतो. मराठी व्याकरणात षष्ठीचा अर्थ ‘संबंध’ असा शिकवतात, मालकी असा नाही. ते अगदी बरोबर आहे. ‘सोन्याची अंगठी’, ‘उन्हाळ्याची सुट्टी’, ‘गोदरेजचं कपाट’ यांत कोणीच कोणाचा मालक नाही.

इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकात त्या अपॉस्ट्रॉफीला ‘पझेसिव्ह’ म्हटलं आहे. या नावाने अनेकांची दिशाभूल होते, कारण तिथेही ती नेहमी मालकी दाखवत नाही. ‘टुडे’ज न्यूजपेपर’ या शब्दांत ‘आज’ हा दिवस वर्तमानपत्राचा मालक नाही. तरीही ब्रँड, कंपनी आणि पैसा यांचा विषय निघाला की इंग्रजी मालकीबद्दल फार काटेकोर होते. वस्तू कोणाची, धंदा कोणाचा आणि नाव कोणाचं, या तीन प्रश्नांना ती वेगवेगळे शब्द वापरते. ते शब्द कळले की पाकिटावरचा बारीक मजकूर, करारनामे, शेअर बाजाराच्या बातम्या हे सगळं वाचणं सोपं होतं. म्हणूनच हा विषय मला केवळ व्याकरणाचा वाटत नाही.

वस्तू कोणाची

‘ओन’ या क्रियापदापासून सुरुवात करू. भारतात लिहिल्या जाणाऱ्या इंग्रजीत ‘आय ॲम ओनिंग अ फ्लॅट’, ‘आय ॲम हॅविंग टू कार्स’ अशी वाक्यं सर्रास दिसतात. मालकी ही स्थिती आहे, चालू असलेली क्रिया नाही, त्यामुळे ‘ओन’, ‘हॅव’ (जवळ असणे या अर्थी) आणि ‘बिलाँग’ ही क्रियापदं ‘इंग’ लावून वापरत नाहीत. ‘आय ओन अ फ्लॅट’, ‘धिस बिलाँग्ज टू मी’ एवढं पुरतं. दुसरी चूक लग्नाच्या बायोडेटात हमखास सापडते: ‘ओन हाउस’. आपल्या ‘स्वतःचं घर’ या शब्दांचा तो थेट अनुवाद आहे. इंग्रजीत ‘ओन’ या शब्दाला आधी ‘माय’, ‘हिज’, ‘देअर’ असा कोणीतरी धनी लागतो. एकटा तो उभा राहत नाही. म्हणून ‘हिज ओन हाउस’, किंवा अधिक सहज ‘अ हाउस ऑफ हिज ओन’. बायोडेटा असेल तर ‘ओन्स अ हाउस’ हे सगळ्यात स्वच्छ.

‘ओन’ आणि ‘पझेस’ यांतला फरक मुंबई-पुण्यात फ्लॅट घेतलेल्या माणसाला शब्दकोश न उघडता समजावा. बिल्डर ‘पझेशन’ देतो म्हणजे ताबा देतो, किल्ल्या हातात ठेवतो. मालकी हा निराळा व्यवहार आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी सोसायट्यांमध्ये लोक वर्षानुवर्षं राहतात, देखभालीचा खर्च भरतात, पण खालची जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ जमीनमालकाच्या नावावर असते. बिल्डरने ती स्वतःहून दिली नाही तर सोसायटीच्या नावावर करून घेण्यासाठी ‘मानीव अभिहस्तांतरण’, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेलं ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, करावं लागतं. ताबा आहे आणि मालकी नाही, अशी ही स्थिती इंग्रजीत ‘पझेशन विदाउट ओनरशिप’ म्हणून सांगतात. रोजच्या बोलण्यात मात्र ‘आय पझेस अ कार’ म्हणू नये. ते कोर्टातल्या जबानीसारखं वाटतं.

दोघांची वस्तू असेल तर अपॉस्ट्रॉफी कुठे द्यायची, हाही नेहमीचा प्रश्न. घर नवरा-बायको दोघांचं मिळून एकच असेल तर ती फक्त शेवटच्या नावाला लागते. दोघांची घरं वेगवेगळी असतील तर दोन्ही नावांना लागते. ‘बेन अँड जेरी’ज’ या आइस्क्रीमच्या नावात ती एकदाच येते, कारण दुकान दोघांनी मिळून काढलं होतं. २००० साली युनिलिव्हरने ती कंपनी विकत घेतली, तरी नावातली अपॉस्ट्रॉफी जागची हलली नाही.

मॅकडोनाल्डचं मॅकडोनाल्ड’स

नावातला प्रत्यय आणि प्रत्यक्षातली मालकी किती दूर जाऊ शकतात, याचं मला माहीत असलेलं सर्वांत बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो गावचं आहे. रिचर्ड आणि मॉरिस मॅकडोनाल्ड या भावांनी तिथे १९४० मध्ये खाद्यगृह काढलं, आणि १९४८ मध्ये पदार्थ कमी करून, स्वयंपाकघराची मांडणी बदलून झटपट हॅम्बर्गर देण्याची पद्धत बसवली. नावात अपॉस्ट्रॉफी आली ती अगदी साध्या अर्थाने: मॅकडोनाल्ड यांचं. मिल्कशेकची यंत्रं विकणारा रे क्रॉक तिथे आला, ती पद्धत पाहून भारावला, आणि त्याने त्या नावाने देशभर शाखा काढण्याचा करार केला. १९६१ मध्ये त्याने भावांना २७ लाख डॉलर देऊन सगळे हक्क विकत घेतले.

सॅन बर्नार्डिनोतलं मूळ दुकान भावांनी स्वतःकडे ठेवलं. पण नाव विकून झालेलं होतं. त्यामुळे मॅकडोनाल्ड आडनावाच्या माणसांना स्वतःच्या दुकानावरची ‘मॅकडोनाल्ड’स’ ही पाटी उतरवावी लागली. त्यांनी नवीन नाव ठेवलं ‘द बिग एम’. क्रॉकने जवळच नवं मॅकडोनाल्ड’स उघडलं, आणि काही वर्षांत भावांचं दुकान बंद पडलं. त्या पाटीवरचा प्रत्यय ‘मॅकडोनाल्ड यांचं’ असं आजही म्हणतो, आणि जगात कुठल्याच मॅकडोनाल्डचा त्यावर हक्क नाही. ही गोष्ट वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं. कराराच्या दृष्टीने यात काहीच बेकायदा नाही, पण माणसाचं आडनाव त्याच्यापासून असं सुटून जाऊ शकतं हे पचायला जड जातं.

तर व्यापारी नावातली अपॉस्ट्रॉफी ही नोंदवलेल्या अक्षरांचा भाग असते. ती द्यायची की नाही हे व्याकरण ठरवत नाही, नावाचा मालक ठरवतो. म्हणून इंग्लंडमध्ये ‘सेन्सबरी’ज’मध्ये ती आहे आणि ‘हॅरॉड्स’मध्ये नाही. ‘लॉइड्स बँक’ तिच्याविना लिहितात, आणि विम्याच्या व्यवसायातलं ‘लॉइड’स ऑफ लंडन’ तिच्यासह. ‘स्टारबक्स’मध्ये ती कधीच नव्हती. ‘वॉटरस्टोन’स’ या पुस्तकांच्या दुकानांनी जानेवारी २०१२ मध्ये ती काढून टाकली, आणि कारण दिलं की इंटरनेटच्या पत्त्यात ते चिन्ह चालत नाही, साधं नाव सोयीचं. तेव्हा भाषाप्रेमी इंग्रज चांगलेच संतापले होते. कॅनडातल्या ‘टिम हॉर्टन्स’ची कथा आणखी वेगळी. हॉकीपटू टिम हॉर्टन याच्या नावाची ही दुकानं. क्वेबेक प्रांतात फ्रेंच भाषेचा कायदा कडक आहे आणि फ्रेंचमध्ये अशी अपॉस्ट्रॉफी-एसची सोय नाही, त्यामुळे नावातलं चिन्ह गेलं आणि एकच पाटी देशभर चालू लागली.

नावातच अपॉस्ट्रॉफी-एस असेल आणि पुन्हा ‘त्या कंपनीचा’ असं म्हणायचं असेल तर? मॅकडोनाल्ड’सचा मेन्यू इंग्रजीत लिहिताना दुसरा एस जोडत नाहीत. ‘मॅकडोनाल्ड’स मेन्यू’ असंच लिहितात, ‘मॅकडोनाल्ड’सेस’ असं कोणी करत नाही. डोळ्याला टोचत असेल तर वाक्य फिरवून ‘द मेन्यू ॲट मॅकडोनाल्ड’स’ करावं.

धंदा कोणाचा

आपल्याकडे जुन्या दुकानाच्या पाटीवर खालच्या कोपऱ्यात ‘प्रो. प्रा.’ आणि पुढे नाव असतं. हे ‘प्रोप्रायटर’चं संक्षिप्त रूप. रोजच्या इंग्रजीत मालकाला ‘ओनर’ म्हणतात. ‘प्रोप्रायटर’ हा औपचारिक शब्द आहे, आणि धंद्याच्या संदर्भात त्याचा नेमका अर्थ असा की दुकान आणि माणूस कायद्याच्या नजरेत एकच आहेत. दुकानाचं कर्ज म्हणजे त्या माणसाचं कर्ज. दुकान बुडालं तर ज्यांचं देणं असेल ते त्याच्या घरापर्यंत येऊ शकतात. दोघे-तिघे मिळून असतील तर ते ‘पार्टनर’. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर मात्र तिला प्रोप्रायटर नसतो, असतात ते डायरेक्टर आणि शेअरहोल्डर. व्हिजिटिंग कार्डावर ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘प्रोप्रायटर’ हे दोन्ही एकत्र छापलेलं दिसलं की समजावं, दोहोंतलं एक चुकीचं आहे.

शेअरहोल्डर म्हणजे कंपनीचा मालक, हे आपण सहज बोलून जातो आणि ढोबळ अर्थाने ते चालतंही. पण कंपनीची मालमत्ता शेअरहोल्डरची नसते. हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये मुंबईच्याच एका खटल्यात स्पष्ट करून ठेवलं आहे. बाचा गझदर यांच्याकडे चहाच्या कंपन्यांचे शेअर होते. चहा कंपनीच्या उत्पन्नाचा ६० टक्के भाग शेतीचं उत्पन्न म्हणून प्राप्तिकरातून सुटत असे. मग मला मिळालेल्या लाभांशाचाही तेवढा भाग शेतीचंच उत्पन्न धरा, असं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मान्य केलं नाही. मळे कंपनीचे, शेतीचं उत्पन्न कंपनीचं. शेअरहोल्डरचा हक्क वाटून दिलेल्या नफ्यातल्या हिश्शावर, मळ्यावर नाही. म्हणून काटेकोर इंग्रजीत ‘ही ओन्स शेअर्स इन द कंपनी’ असं लिहितात, किंवा ‘ही हॅज अ स्टेक’.

बातम्यांमध्ये कंपनीच्या मालकीसाठी जोडशब्द येतात आणि त्यांचं शेपूट नीट पाहावं लागतं. ‘टाटा-ओन्ड जॅग्वार लँड रोव्हर’ म्हणजे ती कंपनी टाटांनी घेतलेली आहे, जशी टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून घेतली. ‘फॅमिली-ओन्ड’ म्हणजे कुटुंबाच्या मालकीची, ‘फॅमिली-रन’ म्हणजे कुटुंब चालवतं, मालकी दुसऱ्याची असू शकते. ‘ब्रँडेड’ आलं तर फक्त नावापुरता संबंध. बांद्र्याच्या मॅकडोनाल्ड’समध्ये बसून ‘हे अमेरिकन कंपनीचं आहे’ असं म्हणणं अर्धंच खरं आहे. पश्चिम आणि दक्षिण भारतातली ही दुकानं वेस्टलाइफ ही मुंबईची कंपनी चालवते. नाव, पद्धती आणि पाककृती वापरण्याचा हक्क ती फ्रँचायझी म्हणून घेते. इथेही एक शब्द आपण सैल वापरतो: त्या हक्काला किंवा दुकानालाच ‘फ्रँचायझी’ म्हणणं आपल्याकडे रूढ आहे. इंग्रजीत ‘फ्रँचाइज’ म्हणजे तो हक्क किंवा ते दुकान, आणि हक्क घेणारा तो ‘फ्रँचायझी’. उच्चार जवळचे आहेत, अर्थ वेगळे.

नाव कोणाचं

आता सगळ्यात रंजक भाग. नाव ही स्वतंत्र मालमत्ता आहे. कारखान्यापासून ती वेगळी विकता येते, भाड्याने देता येते, गहाण टाकता येते.

१९९८ मध्ये व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीने रोल्स-रॉइस मोटारींचा धंदा विकायला काढला. फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंड मोजून तो घेतला. क्रू गावचा कारखाना, गाड्यांचे आराखडे, बेंटली हा भाऊ-ब्रँड, गाडीच्या नाकावर पंख पसरून उभी असलेली ती मूर्ती, सगळं त्यांच्या हाती आलं. एक गोष्ट आली नाही. ‘रोल्स-रॉइस’ हे नाव. त्याची मालकी विमानांची इंजिनं बनवणाऱ्या रोल्स-रॉइस कंपनीकडे होती. मोटारींचा धंदा १९७० च्या दशकात तिच्यापासून वेगळा झाला होता, नावाचा हक्क मात्र तिने राखला होता. तिने ते नाव मोटारींसाठी बीएमडब्ल्यूला दिलं, ४ कोटी पौंडांत. म्हणजे एका जर्मन कंपनीकडे रोल्स-रॉइसचा कारखाना आणि दुसरीकडे रोल्स-रॉइस म्हणवून घेण्याचा हक्क. शेवटी तडजोड झाली: २००२ अखेरपर्यंत फोक्सवॅगनने त्या नावाने गाड्या बनवायच्या, २००३ पासून बीएमडब्ल्यूने. फोक्सवॅगनकडे क्रू आणि बेंटली राहिले. बीएमडब्ल्यूने गुडवुडला नवा कारखाना उभारला. जुन्या कारखान्यातली एक वीटही न घेता आज ती रोल्स-रॉइस आहे, आणि पूर्णपणे कायदेशीर रोल्स-रॉइस आहे.

टाटांच्या बाबतीतही असंच आहे. गाडी बनवणारी कंपनी निराळी. ‘टाटा’ या नावाची मालक टाटा सन्स, आणि समूहातल्या कंपन्या ते नाव वापरण्याबद्दल तिला मोबदला देतात. टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के शेअर धर्मादाय ट्रस्टांकडे आहेत. दारातली गाडी ज्याने घेतली त्याची. चार मालक, आणि चौघांचा दावा एकाच वेळी खरा.

नावाचा हक्क कुटुंबात वाटला गेला की काय होतं, ते विलेपार्ले दाखवतं. गावाच्या नावावरून पार्ले हे नाव पडलं, १९२९ मध्ये तिथे कारखाना निघाला. पुढे घराण्याच्या शाखा वेगळ्या झाल्या. आज पार्ले-जी आणि मोनॅको बनवते ती पार्ले प्रॉडक्ट्स, फ्रूटी बनवते ती पार्ले ॲग्रो, आणि बिसलेरीचं पाणी तिसऱ्या शाखेकडे. दुकानात ‘पार्लेची बिस्किटं’ आणि ‘पार्लेची फ्रूटी’ शेजारी ठेवलेली असली तरी कंपन्या स्वतंत्र आहेत, आणि हे नाव कोणी कुठल्या वस्तूवर लावायचं यावरून त्या मुंबई उच्च न्यायालयात एकमेकींसमोर उभ्याही राहिल्या आहेत.

हे सगळं घरबसल्या पाहायचं असेल तर कुठलंही पाकीट उलटं करावं. ‘मॅन्युफॅक्चर्ड बाय’ म्हणजे प्रत्यक्ष कोणी बनवलं, ‘मार्केटेड बाय’ म्हणजे बाजारात कोणी आणलं. काही पाकिटांवर आणखी एक ओळ असते, ‘ट्रेडमार्क ओन्ड बाय’ अमुक, ‘यूज्ड अंडर लायसन्स’. नाव भाड्याचं आहे असा त्या ओळीचा अर्थ. २०१६ नंतर बाजारात आलेले नोकिया फोन असेच: बनवून विकणारी कंपनी एचएमडी, नाव नोकियाकडून परवान्यावर घेतलेलं. इंग्रजीत त्यांना ‘नोकिया फोन्स’ किंवा ‘नोकिया-ब्रँडेड फोन्स’ म्हणणं बरोबर, ‘नोकिया’ज फोन्स’ म्हणणं चूक. पहिल्या परिच्छेदातली ती बारीक अपॉस्ट्रॉफी इथे थेट वस्तुस्थितीच बदलते.

नावाच्या हक्काला मराठी वर्तमानपत्रं नेहमी ‘पेटंट’ म्हणतात. ‘अमुक मिसळवाल्याने नावाचं पेटंट घेतलं’ अशा बातम्या येतात. नावाचं पेटंट निघत नाही. पेटंट शोधाचं, म्हणजे नव्या यंत्राचं, औषधाचं, प्रक्रियेचं, आणि ते २० वर्षांनी संपतं. पुस्तक, गाणं, चित्र यांना कॉपीराइट, जो भारतात लेखकाच्या आयुष्यभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. नाव आणि बोधचिन्ह यांच्यासाठी ट्रेडमार्क. त्याची नोंदणी १० वर्षांची असते आणि दर वेळी नूतनीकरण करत गेलं तर तिला अंत नाही. म्हणून इंग्रजीत यंत्र ‘पेटंटेड’, कादंबरी ‘कॉपीराइटेड’ आणि नाव ‘ट्रेडमार्क्ड’. नावाशेजारची दोन चिन्हंही सारखी नाहीत. ‘टीएम’ ही छोटी अक्षरं नोंदणी न करता कोणीही लावू शकतो, त्याचा अर्थ ‘हे नाव मी माझं मानतो’ एवढाच. वर्तुळातला आर मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं भारतात बेकायदा आहे. ट्रेडमार्क कायद्यात त्यासाठी पूर्वी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती, २०२३ च्या जन विश्वास कायद्याने तिच्या जागी आर्थिक दंड आणला. नवउद्योजकांनी लेबल छापण्याआधी एवढं नक्की पाहावं. नोंदणीकृत मालकाला आपला कायदा ‘रजिस्टर्ड प्रोप्रायटर’ म्हणतो. पाटीवरचा ‘प्रो. प्रा.’ इथे वेगळ्या अर्थाने भेटतो, कारण हा प्रोप्रायटर मोठी लिमिटेड कंपनीही असू शकते.

काही नावं एकाची नसतातच. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे भौगोलिक मानांकन आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांतल्या कारागिरांसाठी ते राखलेलं आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला आणि तो रास्त होता. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं, पण याचिका करणारे वकील होते. दाद मागायची तर ती मानांकनाच्या नोंदणीकृत मालकांनी मागायला हवी, असं म्हणून न्यायालयाने याचिका फेटाळली. हे मालक म्हणजे महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. चप्पल शिवणाऱ्याचं नाव कायद्याच्या भाषेत ‘ऑथराइज्ड यूजर’, अधिकृत वापरकर्ता. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी ती चप्पल घडवली ते वापरकर्ते आणि महामंडळं मालक, ही शब्दयोजना मला मान्य होत नाही, पण दावा लढवायचा तर हेच शब्द माहीत असायला हवेत.

नाव हातचं निसटतं तेव्हा

‘डालडा’ म्हणजे कुठलंही वनस्पती तूप, ‘बिसलेरी’ म्हणजे कुठलंही बाटलीबंद पाणी, ‘झेरॉक्स’ म्हणजे छायाप्रत. मराठीत ही नावं सामान्यनामं झाली आहेत. इंग्रजीत अशा वेळी निदान एक खूण उरते, मोठं अक्षर. कॅपिटल एक्सने लिहिलेलं झेरॉक्स ही कंपनी, छोट्या एक्सने लिहिलेलं म्हणजे नुसती प्रत. देवनागरीत मोठं-छोटं अक्षर नसल्यामुळे आपल्याकडे नाव कधी विरघळलं हे कागदावर दिसतच नाही.

कंपन्यांना याची धास्ती असते, कारण नाव सगळ्या वस्तूंचं झालं तर कायद्याने ते कोणाचंच राहत नाही. म्हणून त्या आग्रह धरतात की आमचं नाव विशेषण म्हणूनच वापरा. लेगो कंपनी म्हणते ‘लेगोज’ नव्हे, ‘लेगो ब्रिक्स’. वेल्क्रोने २०१७ मध्ये ‘वेल्क्रो म्हणू नका’ असं गाणंच काढलं. हे नियम कंपनीच्या जाहिरात विभागासाठी आणि तिच्या प्रतिस्पर्ध्यांसाठी आहेत. पत्रात ‘झेरॉक्स जोडली आहे’ असं लिहिणाऱ्या माणसाला कुठलाही कायदा अडवत नाही. परदेशी वाचकासाठी इंग्रजीत लिहीत असाल तर ‘फोटोकॉपी’ लिहा, एवढंच, कारण ‘झेरॉक्स शॉप’ हा शब्दप्रयोग भारताबाहेर चटकन कळत नाही. झेरॉक्स कंपनीने भारतातला आपला ट्रेडमार्क अजून टिकवला आहे. हे नाव आता सर्वसामान्य झालं म्हणून नोंदणी रद्द करा, अशी मागणी बौद्धिक संपदा अपील मंडळाने २०१२ मध्ये फेटाळली. गूगलचंही तसंच. ‘गूगल करणे’ हे क्रियापद २००६ पासून ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात आहे, पण २०१७ मध्ये अमेरिकन न्यायालयाने सांगितलं की लोक नाव क्रियापदासारखं वापरतात एवढ्याने ते जात नाही. प्रश्न असा आहे की ‘गूगल’ म्हटल्यावर लोकांना कुठलंही सर्च इंजिन अभिप्रेत असतं की तेच एक.

‘ॲस्पिरिन’ या कसोटीवर हरलं. बायर कंपनीचं ते नाव, १८९९ चं. १९२१ मध्ये अमेरिकेत न्यायाधीश लर्नेड हँड यांनी पाहिलं की डॉक्टर आणि औषधविक्रेते रासायनिक नाव ओळखत होते, पण सामान्य ग्राहकाला त्या गोळीसाठी ‘ॲस्पिरिन’शिवाय दुसरा शब्दच माहीत नव्हता. ग्राहकांपुरतं नाव गेलं. कॅनडात ते आजही बायरचंच आहे. ‘एस्कलेटर’ ओटिस कंपनीने १९५० मध्ये गमावलं, आणि त्यात दोष तिचा स्वतःचा होता: आपल्याच जाहिरातींत आणि पेटंटांत तिने तो शब्द ‘लिफ्ट’सारखा सामान्यनाम म्हणून वापरला होता.

‘थर्मास’चा निकाल मला सगळ्यात आवडतो, कारण त्यात न्यायालयाने अक्षरशः व्याकरण लिहून दिलं. अलादिन नावाच्या कंपनीला आपल्या फ्लास्कवर ‘थर्मास’ लिहायचं होतं. थर्मास कंपनीने दावा लावला. १९६३ मध्ये अपिलातही कायम राहिलेला निकाल असा: शब्द लोकांचा झाला आहे, तेव्हा अलादिनने तो वापरावा, पण अटींवर. पहिलं अक्षर छोटं हवं. ‘ओरिजिनल’ किंवा ‘जेन्युइन’ असे शब्द जोडायचे नाहीत. आणि प्रत्येक वेळी त्याआधी स्वतःचं नाव लिहायचं, तेही अपॉस्ट्रॉफी-एस लावून: ‘अलादिन’स थर्मास’. मोठ्या टी-चा थर्मास मूळ कंपनीकडेच राहिला.